दोन पिशव्या गहू

गुरुवार : आर्वी तालुक्यातून कौंडण्यपूर

पौष महिन्यातल्या एका तरी रविवारी पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन गावच्या यात्रेला जायचे, हा आमच्या बाबांचा नेम 1984 सालापासूनचा आहे. आधी ते एसटीने जात, भल्या पहाटे निघून रात्री उशिरा परत येत, आणि त्या प्रवासाबद्दल घरात फारशी चर्चाही होत नसे. पोळ्याला बैल धुवावेत, अक्षय्यतृतीयेला घागर पुजावी, तसे पौषात बाबांनी ऋणमोचनाला जावे, इतके ते अंगवळणी पडले होते. या वर्षी त्यांनी एकोणऐंशीव्या वर्षात पाऊल ठेवले आणि गुडघ्यांनी एसटीची पायरी चढायला नकार दिला. तेव्हा मी शाळेतून रजा काढली आणि माझ्या जुन्या चारचाकीतून, वाटेत मुक्काम करत, त्यांना सावकाश घेऊन जायचे ठरवले. त्यांनी ते मान्य केले, पण गहू सोबत न्यायचाच, ही अट घालून.

हा गहू म्हणजे विहिरीजवळच्या दोन एकरांतला, फाल्गुनात काढून कडुनिंबाच्या पाल्यात राखलेला. आईने मांजरपाटाच्या दोन पिशव्या शिवून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीत पाच पायल्या मावतात. एक पिशवी ऋणमोचनाच्या अन्नदानात जाते, दुसरी परतल्यावर गावातच एका घरी पोचवायची असते. निघायच्या आदल्या रात्री बाबांनी दोन्ही पिशव्या भरल्या, तोंडे सुतळीने बांधली, आणि दुसरी पिशवी देवघराखाली ठेवून पहिली स्वतः उचलून गाडीत ठेवली. मी हात पुढे केला तर म्हणाले, ‘‘राहू दे बापू, हे मलेच उचलू दे.’’

विहिरीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे काही कळायचे नाही. जानेवारी 1984. गव्हाला तिसरे पाणी द्यायचे होते आणि त्या आठवड्यात आमच्या शिवारात लाइन रात्रीची होती. शेतीच्या विजेचे हे रात्रपाळीचे दुखणे आजही सरलेले नाही. मोटर पाणी सोडत नाही म्हणून बाबा कंदील घेऊन विहिरीच्या काठाशी वाकले, दवाने ओला झालेला दगड पायाखालून सरकला आणि ते आत गेले. त्या वेळी विहिरीला कठडा नव्हता. पाणी दोन पुरुष खोल होते. मोटरीच्या पाइपाला मिठी मारून त्यांनी पौषातली ती सगळी रात्र काढली. हाका मारून घसा बसला. शेवटी शेजारच्या शेतात हरभऱ्याच्या जागलीला माळ्यावर बसलेल्या सालदाराने, रोही (नीलगायी) आले असतील म्हणून हुसकायला खाली उतरल्यावर, तो घोगरा आवाज ऐकला आणि बैलबंडीचा नाडा, म्हणजे जाड दोर, सोडून बाबांना वर ओढले. मी आठ वर्षांचा होतो. गोधडीत गुंडाळलेल्या बाबांना चार जण घरी घेऊन आले, त्यांची बोटे पाइप धरल्यासारखीच वाकडी राहिली होती आणि आई एकेक बोट शेकून सरळ करत होती, एवढे मला स्पष्ट आठवते.

त्या दिवशी गावातले लोक विहिरीला शिव्या देऊ लागले, कोणी ती बुजवून टाकायला सांगितले. आईने कोणाला बोलू दिले नाही. तिचे माहेर खारपाणपट्ट्यातले. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे. ते पिकाला दिले तर जमीन बिघडते आणि प्यायले तर तहान भागत नाही. अशा गावातून लग्न होऊन आर्वीकडे आलेल्या आईने आमच्या विहिरीचे पाणी पहिल्यांदा ओंजळीत घेतले तेव्हा ते इतके गोड लागले, की तिने विहिरीच्या दगडाला कुंकू लावले आणि पुढे हयातभर दर शुक्रवारी लावत राहिली. ‘‘विहिरीनं नेला नाही, विहिरीनं ठेवला,’’ असे ती त्या दिवशी म्हणाली, आणि बाबांचा ताप उतरताच त्यांना आपल्या माहेराजवळच्या ऋणमोचनाला घेऊन गेली.

दुपारी वर्धा नदीचा पूल ओलांडून आम्ही अमरावती जिल्ह्यात शिरलो आणि कौंडण्यपूरला थांबलो. विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून हे गाव ओळखले जाते. आषाढीला येथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते आणि ती चार शतकांहून जुनी मानली जाते. टेकाडावरून नदीचे पात्र दूरवर दिसते. पौषात पाणी उतरलेले असते आणि काठाच्या गाळात कोणी कोणी वांगी-टमाटे लावलेले असतात. बाबा मंदिरात बराच वेळ उभे होते. आई दर वेळी येथे थांबण्याचा हट्ट धरायची, ‘माहेरवाशिणीला माहेरवाशिणीनं भेटावं’ म्हणायची. आता आई नाही, पण तिच्या वाटचे थांबणे बाबांनी सोडलेले नाही.

पारड्यातल्या तुळशीपत्राची गोष्ट रुक्मिणीचीच. एका पारड्यात कृष्ण, दुसऱ्यात दागिन्यांचा ढीग, तरी काटा हलेना, आणि रुक्मिणीने ठेवलेल्या एका पानाने तो हलला. लहानपणी ती ऐकताना मला नेहमी वाटायचे, की भक्तीचे वजन सोन्याहून जास्त असते, असा तिचा अर्थ असावा. पाच पायल्या गहू गाडीत घेऊन तिथे उभा असताना मात्र वाटले, की आपण देवाला जे देतो ते तोलायला जाऊच नये, एवढेच कदाचित ती गोष्ट सांगत असेल. रात्री तिवशाजवळ नात्यातल्या घरी उतरलो. जेवणात सोले-वांग्याची भाजी होती. तुरीचे ओले दाणे या दिवसांत प्रत्येक घरी शिजतात, त्याचे वर्णन करत बसत नाही.

शुक्रवार : मोझरी

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या मोझरीत तुकडोजी महाराजांनी 1935 साली गुरुकुंज आश्रम उभारला. महाराजांचा जन्म 1909 चा, यावलीचा. महानिर्वाण 11 ऑक्टोबर 1968 रोजी येथेच झाले. पुण्यतिथीच्या वेळी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी हजारो माणसे जागच्या जागी स्तब्ध उभी राहून मौन श्रद्धांजली वाहतात. ते दृश्य मी विद्यार्थी असताना एकदा पाहिले आहे. इतक्या मोठ्या गर्दीत शेजारच्याच्या श्वासाचाही आवाज येतो, असा अनुभव मला दुसरीकडे कुठे आला नाही.

पौषात येथे गर्दी नसते. आम्ही समाधीचे दर्शन घेतले, बाबा सावलीत बसले आणि मी एकटाच दासटेकडीकडे फिरून आलो. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसलो. ओळीत बसणे, एका सुरात म्हणणे आणि मग शांत होणे, एवढाच तो कार्यक्रम. त्यात मागणे जवळजवळ नाही, हे मला या वेळी प्रकर्षाने जाणवले. मी स्वतः देवापुढे उभा राहिलो, की पहिल्या क्षणी मागण्यांची यादी डोळ्यांपुढे येते. मुलीची परीक्षा, बदली, रक्तदाब. आभाराची वेळ येईपर्यंत मागच्या माणसाचा धक्का लागलेला असतो.

प्रार्थनेनंतर मी बाबांना बऱ्याच वर्षांपासून मनात असलेला प्रश्न विचारला. विहिरीत असताना तुम्ही ऋणमोचनाचा नवस बोलला होता का? मी आजवर तसेच धरून चाललो होतो आणि शाळेतल्या सहकाऱ्यांनाही तसेच सांगत आलो होतो. बाबा हसले.

‘‘नवस काहीच नव्हता केला. मोटरचा पाइप सुटू नये एवढंच डोक्यात होतं, देवबीव कोनाले आठवते तिथं? नवस केला असता तर पहिल्याच साली फेडून मोकया झालो असतो.’’

मी त्यावर काही बोललो नाही. शिक्षक असल्यामुळे असेल, पण कोणतीही गोष्ट कारण आणि परिणाम अशा दोन रकान्यांत बसली, की मला ती कळली असे वाटते. नवस त्या रकान्यांत नीट बसत होता: अमुक मिळाले म्हणून तमुक दिले, हिशेब पूर्ण. ज्या माणसाने काही मागितलेच नव्हते आणि ज्याला तरीही मिळाले, त्याचे देणे कोणत्या रकान्यात लिहायचे आणि ते संपले असे कधी म्हणायचे, याचा विचार मी केलेला नव्हता.

शनिवार : अमरावती, पुन्हा मोझरी, वलगाव, मामांचे गाव

हा दिवस माझ्या विसराळूपणात गेला. सकाळी लवकर निघून आम्ही अमरावतीला गाडगेनगरात गाडगेबाबांच्या समाधीवर पोचलो. दर्शन घेऊन बाहेर आलो, चहा घेतला आणि बाबांनी गाडीच्या मागच्या सीटवर हात ठेवला, तर तिथे पिशवी नव्हती. आदल्या रात्री उंदरांच्या भीतीने ती मी खोलीत नेली होती आणि सकाळी सामान काढताना दाराआडच राहून गेली.

मी म्हटले, ‘‘बाबा, येथे बाजारात उत्तम गहू मिळतो. पाच पायल्यांऐवजी दहा घेऊ. परतताना ती पिशवी उचलू आणि घरी नेऊ.’’

बाबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, ‘‘अन बाजारातला गहू कोनत्या विहिरीचा राहीन?’’

आम्ही परत फिरलो. जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडला. खोलीची झाडलोट करणाऱ्या बाईंनी पिशवी उचलून कपाटावर ठेवली होती आणि ‘देवाचा गहू दिसतो म्हणून खाली ठेवला नाही’ असे त्या म्हणाल्या. कशावरून ओळखले, कोण जाणे. कदाचित पिशवीच्या कोपऱ्यावरच्या कुंकवाच्या डागावरून. तो डाग आईच्या हातचा आहे, पिशवी कितीदा धुतली तरी पूर्ण गेलेला नाही. महामार्गावरच्या ट्रकांच्या रांगेत मी मनातल्या मनात पेट्रोलचा हिशेब करत होतो, हे येथे कबूल करतो. त्या पेट्रोलच्या पैशांत दोन पिशव्या गहू सहज आला असता. आणि बाबा शेजारी पिशवी मांडीवर घेऊन, लहान मूल घेऊन बसावे तसे, खिडकीबाहेरची फरदड, म्हणजे वेचणी संपूनही उभा ठेवलेला कापूस, पाहत बसले होते. ‘‘फरदड ठेवू नका म्हनते सरकार, बोंडअयी होते,’’ एवढेच ते वाटेत बोलले. 2017 साली गुलाबी बोंडअळीने आमचाही कापूस खाल्ला होता, बोंड उकलण्याऐवजी किडके निघत होते. त्या वर्षीच्या पौषातही पिशवीत पाच पायल्याच होत्या. आईने चार करू का म्हणून विचारले होते, आणि बाबांनी दिलेले उत्तर मला त्या वेळी हटवादी वाटले होते: देवाने यंदा कमी दिले तर आपणही कमी द्यायचे, मग त्याने जास्त दिले त्या वर्षांत आपण किती जास्त दिले होते, ते आधी सांग.

या धावपळीत गाडगेबाबांच्या जन्मगावी, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला जायचे राहूनच गेले. वलगावला मात्र थांबलो. 20 डिसेंबर 1956 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, येथे पेढी नदीच्या पुलाजवळ धावत्या गाडीतच गाडगेबाबांनी देह ठेवला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी दुसऱ्यांसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी घर बांधले नाही, आणि शेवटही घरात नव्हे तर रस्त्यावर, लोकांच्या कामाला निघालेला असताना झाला. पुलावर उभे राहून पाहिले, तर खाली पाणी थोडे आणि प्लॅस्टिक जास्त होते. त्यांचा खराटा आठवल्याशिवाय राहिला नाही.

मामांच्या गावी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. खारपाणपट्ट्यातल्या वाटेवर विहिरी दिसत नाहीत, किंवा दिसल्या तरी त्यांवर मोट-मोटर काही नसते. काळ्या जमिनीत पावसाने सोडलेल्या ओलीवर हरभरा उभा असतो आणि तो पिकला तर पिकला. मामींनी चहा दिला तो विकतच्या कॅनच्या पाण्याचा होता. गावच्या पाण्याचा चहा कसा लागतो ते पाहावे म्हणून मी मुद्दाम दुसरा कप मागितला. जिभेवर मिठाची हलकी चुरचुर राहते आणि दूध नासेल की काय असे वाटते. बाबांनी मात्र तोच चहा घेतला. ‘‘तुह्या मायनं वीस वर्सं हेच पेलं,’’ म्हणाले. जेवताना हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळणा होता, ज्वारीची भाकर होती, आणि आईचा विषय निघणारच होता, तो निघाला.

करोनाच्या काळात, 2021 च्या पौषात, आम्ही मुलांनी बाबांना घरातून निघू दिले नव्हते. गहू कोठीतच राहिला. वैशाखात आई त्याच आजाराने गेली. तेराव्याच्या दिवशी नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी, माझ्या देखत, नेम मोडला म्हणून असे झाले, असे सुचवले. मला त्या वाक्याने कितीतरी रात्री झोप आली नाही, कारण बाबांना अडवणाऱ्यांत मी पहिला होतो. मामांनी आज तो प्रसंग काढला आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाबांना सरळ विचारले, की तुम्हाला तसे वाटले होते का.

बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. ‘‘देव काय सावकार हाय, हप्ता चुकला म्हनून जप्ती आनायले? मी काय त्याच्या भेवानं जातो का तिथं? सत्तेचाईस वर्सं संसार दिला तिनं मले. त्याचं कोनी काही बोललं नाही तेराव्याले.’’

मामा उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. पुढच्या पौषात, आई गेल्यानंतरच्या पहिल्या, बाबा एकटे एसटीने गेले होते, दोन वर्षांचा गहू घेऊन. त्या वेळी मी त्यांना म्हटले होते, की आता आभार कशाचे मानायचे. त्यांनी तेव्हा उत्तर दिले नव्हते.

रविवार : ऋणमोचन

पौष हा सूर्याचा महिना मानतात, म्हणून त्यातल्या रविवारांना महत्त्व. बायका सूर्यनारायणाचे रविवार धरतात आणि भातकुली तालुक्यातल्या या पूर्णेकाठच्या गावी यात्रा भरते. सकाळी धुके होते. नदी दिसण्याआधी तिच्या काठावरचा धूर दिसला. शेकडो ठिकाणी गोवऱ्यांचे आर पेटले होते आणि त्यांत रोडगे भाजायला टाकलेले होते. जाड्या गव्हाच्या पिठाचे, थरावर थर देऊन वळलेले ते गोळे राखेतून काढून फडक्यात घोळवले, फोडून तुपात बुडवले, की वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. रेवड्या-फुटाण्यांची दुकाने, पाळणे, भिंगऱ्या, सगळे कोणत्याही यात्रेत असते तसे होते, आणि कर्ण्यावर भजन आणि हरवलेल्या मुलांची नावे आळीपाळीने येत होती.

ऋणमोचन या नावाचा अर्थ उघड आहे. माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊन येतो, अशी जुनी समजूत आहे, आणि येथे स्नान केल्याने ते फिटते, अशी यात्रेकरूंची श्रद्धा. ज्या भागात कर्ज हा शब्द शेतकऱ्याच्या घरात रोज उच्चारला जातो आणि कित्येक घरांत त्या शब्दाने माणूस नेला आहे, तेथे या नावाच्या गावाला गर्दी व्हावी याचे नवल नाही.

गाडगेबाबांचा आणि या गावाचा संबंध जुना. झिंगराजी आणि सखुबाई यांचा हा मुलगा, डेबूजी, दारूने वडील गेल्यावर आईबरोबर मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला मामाकडे वाढला, गुरे राखली, शेतात राबला. मामाचे शेत सावकाराच्या कागदांत कसे अडकले हे त्याने पोरवयात पाहिले होते. ऋण काढून सण करू नका, हे पुढे कीर्तनांतून सांगणारा माणूस ते पुस्तकात वाचून सांगत नव्हता. 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. त्यानंतर ऋणमोचनाच्या यात्रेत ते काठावरचा चिखल उपसत, वाट करत, स्नानाला येणाऱ्या बायका-म्हाताऱ्यांचे पाय घसरू नयेत म्हणून माती-दगड वाहत, आणि पुढे येथे घाट बांधला गेला. घरच्या माणसांना ते पुष्कळ दिवसांनी याच यात्रेत दिसले, असे सांगतात. नदीत बुडी मारून ऋण फिटते म्हणून आलेल्या गर्दीत एक माणूस बुडी न मारता पायऱ्यांसाठी दगड वाहत होता. जे मिळाले आहे त्याची परतफेड पाण्यात होत नाही, ती पायऱ्यांत होते, असे त्याला म्हणायचे होते का, हे मला ठाऊक नाही. पण बाबा घाट उतरताना प्रत्येक पायरीला हात लावत होते, ते मी पाहिले.

त्यांनी स्नान केले नाही. गुडघ्यांमुळे असेल असे मला वाटले, म्हणून मी तांब्यात पाणी आणून देऊ का विचारले. ते पायरीवर बसले, पाण्यात पाय सोडले आणि म्हणाले, की त्यांनी येथे कधीच बुडी मारलेली नाही.

‘‘एकदाही नाही?’’

‘‘तुही माय मारे. मी नाही. ऋण फिटलं तर मंग पुढच्या साली काहून यायचं?’’

हे ते हसत म्हणाले आणि लगेच रेवड्यांच्या दुकानाकडे बोट दाखवून नातवंडांसाठी किती घ्यायच्या ते सांगू लागले. त्यांच्या लेखी त्या बोलण्यात विशेष काही नव्हते. मी मात्र पायरीवरच बसून राहिलो. मी ज्या एकेका देण्याचा हिशेब करून मोकळा होण्याची वाट पाहत होतो, घराच्या कर्जाचे हप्ते, भावाचे उसने, शाळेतल्या एका जुन्या शिक्षकांचे उपकार, त्यांतले शेवटचे मोकळे होण्यासारखे नव्हतेच, हे त्या वेळी लक्षात आले. त्या गुरुजींना मी अकरा वर्षांत भेटलेलो नाही. ते याच जिल्ह्यात राहतात.

अन्नदानाच्या मांडवात धान्य घेणारा तरुण मोठ्या पोत्यात गहू ओतून घेत होता आणि पावती फाडत होता. आमची पिशवी रिकामी झाल्यावर त्याने नाव विचारले. बाबांनी नाव सांगितले आणि ते त्यांचे नव्हते. ज्या सालदाराने नाडा टाकून त्यांना विहिरीतून ओढले होते, ज्याला जाऊन आता चौदा वर्षे झाली, त्याचे, त्याच्या वडिलांचे आणि आडनाव असे पूर्ण नाव बाबांनी सावकाश, अक्षरे चुकू नयेत अशा बेताने सांगितले. घरी बाबांच्या पेटीत पावत्यांचा जुडगा सुतळीने बांधलेला आहे हे मला ठाऊक होते, पण तो मी कधी उघडून पाहिला नव्हता.

पिशवी झटकताना शिवणीत अडकलेले पाच-सहा दाणे त्यांच्या तळहातावर आले. ते त्यांनी कोपरीच्या खिशात टाकले. मग आम्ही मामांच्या घरच्या मंडळींबरोबर आराशेजारी बसून रोडगे खाल्ले. एक रोडगा अर्धा कच्चा निघाला आणि त्यावरून मामा-मामींचे जे वाजले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

सोमवार : घरी

दुपारी गावात शिरलो. बाबांनी चूळ भरली, पाणीसुद्धा पिईपर्यंत थांबले नाहीत, देवघराखालची दुसरी पिशवी काढायला सांगितली. ती या वेळी त्यांनी मला उचलू दिली.

सालदाराची बायको गावाच्या खालच्या अंगाला मुलाकडे राहते. वय बाबांच्याच आसपासचे, दृष्टी कमी झालेली, जीभ मात्र शाबूत. ओट्यावर उन्हात बसली होती. बाबा तिला वहिनी म्हणतात. मी पिशवी खाली ठेवली आणि ऋणमोचनाच्या रेवड्या पुढे केल्या.

‘‘औंदा उशीर केला भाऊजी,’’ ती म्हणाली. ‘‘संक्रांत तोंडावर आली. मी म्हटलं, आता काही येत नाहीत हे.’’

‘‘गाडीनं गेलो होतो वहिनी. गाडीनं उशीर होते.’’

तिने सुतळी सोडली, हात आत घातला, मूठभर गहू काढून बोटांनी चाचपला आणि नाक मुरडले. ‘‘मागच्या सालच्या गव्हात खडे होते. पिठाच्या चक्कीवाल्यानं ऐकवलं मले. हा तरी निवडला का?’’

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. तिने आतून सूप मागवले, सून घेऊन आली. बाबांनी टोपी काढून बाजूला ठेवली, भिंतीला पाठ टेकून ओट्यावर बसले, गुडघे होतील तेवढे वाकवले, सुपात पहिली ओंजळ ओतली आणि चष्मा नाकावर ओढून खडे वेचायला लागले.